मूठ किती उघडी? : मोटारसायकल ट्युनिंगच्या विद्येचा इतिहास

मोटारसायकलची मूठ पिळणे आणि इंजिनाने जोर धरणे यांच्यामध्ये क्षणभराचा व्यवहार घडतो. त्यात हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हा मेळ अभियंत्यांनी दीर्घ चाचण्या घेऊन बसवलेला असतो. मालकाने सायलेन्सर बदलला, एअर फिल्टरचा डबा काढला, सिलिंडर मोठा केला किंवा दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर चढवला की तो बिघडतो. मग गाडी उचलत नाही, मध्येच मिसिंग करते, मूठ सोडली तरी रेस चढलेलीच राहते, नाहीतर ठरावीक वेगाशी येऊन अडखळते. ही लक्षणे पाहून मूळ दोष नेमका कुठे आहे हे सांगण्याची विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत घडत गेली. तिची साधने पुन्हा पुन्हा बदलली, पण तिचा पहिला प्रश्न बदलला नाही: दोष जाणवतो तेव्हा मूठ किती उघडी असते?

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींवर हा प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत लाकडी सांगाड्याची जी दुचाकी चालवली, तिच्या कार्बोरेटरात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाई आणि जाताना वाफ उचलून नेई. थंडी, उतार, टाकीतल्या पेट्रोलची पातळी अशा कशानेही हे मिश्रण बदले. १८९३ च्या सुमारास मायबाखने फवाऱ्याचा कार्बोरेटर बनवला. त्यात हवेच्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाई. हे छिद्र म्हणजेच जेट, आणि पुढच्या शंभर वर्षांतले कार्बोरेटर याच तत्त्वावर चालले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलवर लहान लहान दांड्या असत. एक मिश्रण सोडणारी, दुसरी हवा कमीजास्त करणारी, तिसरी ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी. अर्नेस्ट बाउडेन या आयरिश माणसाने १८९६ साली पेटंट घेतलेली लवचीक केबल या दांड्यांना कार्बोरेटरशी जोडत असे. चढ लागला की चालक हवेची दांडी थोडी बंद करी, ठिणगी मागे घेई आणि सपाटीवर आला की सगळे पूर्ववत करी. गाडी अडखळली तर कारण शोधत बसण्यापेक्षा दांडी सरकवणे सोपे होते. मिश्रण ठरवण्याचे निम्मे काम चालकच करत होता, म्हणून निदान ही वेगळी विद्या त्या काळात उभी राहू शकली नाही.

ती उभी राहिली स्वयंचलित कार्बोरेटरामुळे. ब्रिटनमध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन उत्पादकांच्या एकत्रीकरणातून १९२७ साली अमाल ही कंपनी निघाली आणि मोटारसायकलच्या कार्बोरेटराला तिने स्थिर रूप दिले. मूठ पिळली की केबल एक नळकांडे वर उचलते, ही स्लाइड. स्लाइडला खाली निमुळती सुई लटकलेली असते आणि ती जेटच्या नळीत वरखाली होते. सुई जितकी वर, तितकी तिच्याभोवतीची फट मोठी आणि तितके पेट्रोल जास्त. हवेची वाट आणि पेट्रोलची वाट एकाच हालचालीने उघडतात. मिश्रणाचा निर्णय चालकाच्या हातातून निघून पितळेच्या चार-पाच लहान भागांत बंदिस्त झाला. दोष आला तर आता त्यातला कोणता भाग चुकतो आहे हे ओळखणे भाग होते.

अमालच्या सूचनापत्रकांत या ओळखीची रीत स्पष्ट मांडलेली होती. मूठ बंद असल्यापासून आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचे राज्य असते. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या तोंडाला दिलेला तिरपा काप मिश्रण ठरवतो. हा काप इंचाच्या सोळाव्या भागांत मोजला जाई आणि आकडा जितका मोठा तितके मिश्रण विरळ. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई आणि तिच्या खाचेतली क्लिप. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेट. या हद्दी काटेकोर नाहीत, एकीचा प्रभाव दुसरीत थोडा उतरतोच. तरी रीत पक्की होती. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर खुणा करायच्या, गाडी रस्त्यावर न्यायची, आणि इंजिनाचे फेरे किती आहेत याकडे न पाहता खूण कुठे असताना गाडी अडखळते ते टिपायचे. नवशिक्यांचे बहुतेक गोंधळ इथेच होतात. गाडी ताशी ६० किलोमीटरला अडते म्हणून मेन जेट बदलले जाते, आणि प्रत्यक्षात त्या वेगाला मूठ जेमतेम पावभर उघडलेली असते.

जागा कळली की पुढचा प्रश्न येतो तो मिश्रण दाट आहे की विरळ. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र थोड्या दाट मिश्रणात, १२.५ ते १३ भाग हवेच्या आसपास मिळते. विरळ मिश्रणावर गाडी कार्बोरेटरातून शिंकते, ओढ कमीजास्त होते, इंजिन तापते. दाट मिश्रणावर आवाज जड होतो, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते. खात्री करण्याची युक्तीही जुनीच आहे: चालत्या गाडीत चोक किंचित ओढायचा. गाडी सुधारली तर मिश्रण विरळ होते, बिघडली तर दाट. मूठ एकदम पिळल्यावरच येणारा अडखळा थोडा वेगळा. स्लाइड झटकन वर गेली की हवा लगेच आत घुसते, पण पेट्रोल जड असल्याने मागे राहते आणि क्षणभर मिश्रण विरळ होते. पायलटचे किंवा सुईचे मिश्रण आधीच काठावर असेल तर तो क्षण लांबतो. काही कार्बोरेटरांत यासाठी मूठ पिळताच पेट्रोलची लहानशी पिचकारी मारणारा पंप दिला गेला.

ही रीत कसोटीला लागली ती शर्यतीच्या धावपट्टीवर. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात १९०७ साली ब्रुकलँड्सची काँक्रीटची धावपट्टी सुरू झाली आणि तिच्या आसपासच्या शेडमध्ये पेशाने ट्युनिंग करणारी माणसे तयार झाली. इथे अल्कोहोलमिश्रित इंधने सर्रास वापरली जात. मिथेनॉलला त्याच वजनाच्या पेट्रोलच्या निम्म्याहून कमी हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून अधिक इंधन सोडावे लागते. त्यासाठी जेट कितीतरी मोठे लागत आणि चुकीच्या जेटवर पिस्टन वितळे. पूर्ण मुठीचे मिश्रण तपासण्याची पद्धत अशाच शर्यतींत रुळली. सरळ पट्टीवर मूठ पूर्ण उघडून गाडी पळवायची, एका क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबायचा, गाडी घरंगळत थांबवायची आणि प्लग काढून त्याच्या पोर्सेलिनचा रंग पाहायचा. मूठ हळूहळू सोडत थांबले तर प्लगवर पायलट जेटचा रंग चढतो आणि वाचन फुकट जाते. टेट्राएथिल शिशाचे पेट्रोल १९२३ साली अमेरिकेत बाजारात आल्यावर हे वाचन सोपे झाले, कारण शिशाच्या क्षारांनी प्लगवर कॉफीसारखी तपकिरी छटा चटकन उमटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या तरुणांनी शर्यतीचे हे सामान रस्त्यावर आणले. लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या कॅफे रेसर मंडळींनी ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या सांगाड्यात बसवून ट्रायटन बनवल्या, फिल्टर काढून कार्बोरेटराला उघडे कर्णे लावले, मागे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या मेगाफोन नळ्या बसवल्या. बीएसएची गोल्ड स्टार डीबीडी ३४ ही १९५६ पासूनची गाडी तर कारखान्यातूनच दीड इंचाचा अमाल जीपी कार्बोरेटर घेऊन येई. हा शर्यतीचा कार्बोरेटर. मूठ पूर्ण उघडल्यावर अप्रतिम आणि कमी मुठीवर हट्टी, त्यामुळे सिग्नलला उभ्या गोल्ड स्टारला चालू ठेवण्यासाठी मूठ सतत हलवत राहावी लागे.

निदानाच्या इतिहासात या काळाचे महत्त्व मेगाफोनमुळे आहे. मेगाफोन लावलेल्या गाडीत मधल्या फेऱ्यांवर ताकदीचा खड्डा पडे. चालक क्लच घसरवत तो पार करत आणि त्याला मेगाफोनायटिस म्हणत. जेट बदलून, सुई खालीवर करून हा खड्डा भरत नसे. कारण तो कार्बोरेटरात नव्हताच. एक्झॉस्टच्या नळीत दाबाच्या लाटा पुढेमागे धावतात. त्या योग्य वेळी परतल्या तर सिलिंडर रिकामा करायला मदत करतात आणि चुकीच्या वेळी परतल्या तर जळालेला वायू आत ढकलतात, अगदी कार्बोरेटरपर्यंत. मेगाफोनच्या टोकाला उलटा शंकू बसवल्यावर खड्डा उथळ झाला. मुठीच्या जागेवर ठरणारा दोष कार्बोरेटरचा, फेऱ्यांवर ठरणारा दोष नळीचा किंवा ठिणगीचा, ही फोड इथे पक्की झाली. पूर्ण आणि अर्ध्या अशा दोन्ही मुठींवर गाडी त्याच फेऱ्यांना अडत असेल तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवलेला बरा.

टू-स्ट्रोक इंजिनांनी हे ज्ञान आणखी खोलवर नेले. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ इथे एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने एक्झॉस्टच्या लाटांचा उपयोग उलट दिशेने केला. त्याचा फुगीर एक्सपान्शन चेंबर बाहेर निसटलेले ताजे मिश्रण परत सिलिंडरात ढकले. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरला २०० अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधून पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान सुझुकीला मिळाले. पुढच्या दशकात ते सामान्य मेकॅनिकपर्यंत पोहोचले. अमेरिकी लेखक गॉर्डन जेनिंग्ज यांचे १९७३ चे टू-स्ट्रोक ट्युनिंगवरचे पुस्तक घराच्या गॅरेजमध्ये पोर्ट घासणाऱ्यांच्या हाती आले. चेंबर लावलेल्या गाडीचा ताकदीचा पट्टा अरुंद असतो: खाली गाडी मरगळलेली, मग अचानक झेप. खालची मरगळ हा दोष नव्हे, तो त्या रचनेचा स्वभाव आहे, हे ग्राहकाला समजावणे तेव्हापासून ट्युनरच्या कामाचा भाग झाले.

टू-स्ट्रोकचा एक खास रोग म्हणजे क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा घेणे. सील कडक झाले की क्रँककेस बाहेरची हवा ओढतो, मिश्रण विरळ होते, मूठ सोडल्यावरही रेस खाली येत नाही. कार्बोरेटर कितीही साफ केला तरी फरक पडत नाही. जुने मिस्त्री कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर साबणाचे पाणी किंवा थोडे पेट्रोल सोडून आवाज बदलतो का ते ऐकत. खात्रीचा उपाय म्हणजे तोंडे बंद करून इंजिनात हलका दाब भरणे आणि तो टिकतो का ते पाहणे. हा उपाय न करता जेट बदलत राहिल्याने वाया गेलेले पिस्टन फार आहेत.

जपानी कारखान्यांनी मोटारसायकलचे रूप पालटले तशी निदानाची साधनेही बदलली. मिकुनीने अमालच्या परवान्याने कार्बोरेटर बनवायला सुरुवात केली होती आणि तिच्या कार्बोरेटरांत तीच स्लाइड, तीच सुई आणि त्याच चार हद्दी होत्या. पण १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने एका गाडीत चार कार्बोरेटर आणले. चारही स्लाइड एकसारख्या उचलल्या गेल्या नाहीत तर पाव मुठीवर गाडी थरथरते, म्हणून पाऱ्याच्या चार नळ्यांचे दाबमापक गॅरेजमध्ये आले.

होंडाने १९६५ च्या सीबी ४५० वर आणलेला स्थिरवेगाचा, म्हणजे सीव्ही कार्बोरेटर पुढे सर्वत्र पसरला. त्याचे तत्त्व ब्रिटनच्या एसयू कार्बोरेटरात १९०५ पासून होते. यात मूठ फक्त एक पाकळी उघडते, आणि सुई लटकलेली स्लाइड इंजिनाच्या ओढीने, रबरी पडद्याच्या साहाय्याने आपापली वर चढते. मूठ एकदम पिळली तरी स्लाइड इंजिनाला झेपेल तेवढीच उठते, त्यामुळे गाडी मवाळ चालते. निदान करणाऱ्याची मात्र अडचण झाली. मुठीची खूण आता सुईची उंची सांगत नव्हती. पडदा फाटला तर गाडी अर्ध्या वेगापुढे जातच नाही आणि मेन जेट लहान असल्यासारखी लक्षणे दिसतात. फिल्टरचा डबा काढून प्रत्येक कार्बोरेटराला सुटा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावण्याची फॅशन आली तेव्हा या गाड्या सर्वाधिक बिघडल्या. पडद्याखालचा दाब डब्यातल्या शांत हवेवर अवलंबून होता, आणि तो डबाच कचऱ्यात गेला होता.

अमेरिकेत १९७८ पासून मोटारसायकलींना धुराचे नियम लागू झाले. कारखान्यांनी मिश्रण विरळ केले आणि पायलटचा स्क्रू धातूच्या टोपणाने बंद केला. शोरूममधली नवी गाडीही कमी मुठीवर किंचित अडखळू लागली. यातूनच जेट किटचा बाजार उभा राहिला. डायनोजेटसारख्या कंपन्या सुया, जेट आणि स्प्रिंग यांचे संच स्टेज १, स्टेज २ अशा पायऱ्यांत विकू लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डायनोजेटचाच जड ढोलाचा डायनॅमोमीटर दुकानादुकानांत दिसू लागला. गाडीचे मागचे चाक ढोलावर फिरवायचे आणि ढोल किती वेगाने गती घेतो त्यावरून अश्वशक्ती काढायची. हे यंत्र फार उपयोगी ठरले, पण त्याने एक वाईट सवयही लावली. त्याच्या कागदावरची रेघ बहुधा पूर्ण मुठीची असते, आणि रस्त्यावरचा चालक बहुतांश वेळ पाव मुठीवर असतो. दोन अश्वशक्ती वाढल्याचा कागद घेऊन गेलेला ग्राहक चौकातून गाडी काढताना अडखळत असेल तर ते ट्युनिंग अपुरेच म्हटले पाहिजे.

भारतात ही विद्या वेगळ्या वाटेने वाढली. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडियाची बुलेट बनू लागली. मुंबईत जावा गाड्या आयात करणाऱ्या रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूरमध्ये आयडियल जावाचा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तिथून जावा, पुढे १९७३ पासून येझदी बाहेर पडू लागली. आयातीवरच्या निर्बंधांमुळे मोजमापाचे सुटे जेट सहज मिळत नसत. मेकॅनिक जेटचे छिद्र बारीक ड्रिलने मोठे करत आणि जास्त झाले तर झाळ भरून पुन्हा कोरत. जेट साफ करायला तांब्याच्या तारेची एक काडी पुरे. या कौशल्याला दाद द्यावी लागते, पण त्याची किंमतही होती. कोरलेल्या जेटवर छापलेला आकडा खोटा ठरे आणि पुढचा मेकॅनिक त्या आकड्यावर विसंबून फसे. त्या काळच्या गाड्यांत ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर असत. पॉइंट झिजले की ठिणगीची वेळ सरकते, कंडेन्सर बसला की ओझ्याखाली ठिणगी तुटते. दोन्हींची लक्षणे कार्बोरेटरच्या दोषासारखी दिसतात, म्हणून आधी पॉइंट, मग कार्बोरेटर हा क्रम जाणत्या गॅरेजांत पाळला जाई. त्याच्याही आधी पेट्रोल, कारण रॉकेलची भेसळ सर्वत्र होती आणि भेसळीच्या पेट्रोलवर प्लग वाचण्यात अर्थ नव्हता.

१९८३ साली एस्कॉर्ट्सने फरिदाबादहून राजदूत ३५० आणली. ती यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. दोन सिलिंडर, दोन मिकुनी कार्बोरेटर, रीड व्हॉल्व्ह. मूळ गाडीची ताकद सुमारे ३९ अश्वशक्ती होती, इथल्या एचटी नावाच्या रूपात ती ३०.५ वर आणलेली होती. साहजिकच ती परत मिळवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि देशात बदललेल्या गाडीच्या निदानाची खरी शाळा या गाडीवर भरली. तिच्या मुठीची एकच केबल पुढे तीन फाट्यांत विभागते: दोन कार्बोरेटरांकडे आणि एक ऑइल पंपाकडे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का हे मिस्त्री बोटाने चाचपून पाहत. एक स्लाइड केसभर मागे राहिली की गाडी पाव मुठीवर कुंथते आणि सगळे ओझे दुसऱ्या सिलिंडरावर पडते. पंपाची केबल ढिली राहिली तर नुकसान त्याहून मोठे. १९८५ च्या अखेरीस आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने हे सगळे स्वस्त केले. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, हलकी आणि कशालाही तयार अशी ही गाडी. मोठा कार्बोरेटर आणि एक्सपान्शन चेंबर लावलेल्या आरएक्स रस्त्यांवर आणि डर्ट ट्रॅकवर धावू लागल्या. मोठ्या कार्बोरेटरने कमी मुठीवर हवेचा वेग मंदावतो, जेटवरची ओढ कमी होते आणि गाडी खाली मरते. मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त पिकअप ही समजूत तरीही आजवर टिकून आहे.

महाराष्ट्राचा भूगोल या विद्येला स्वतःचा धडा देत असे. मुंबईत समुद्रसपाटीला बसवलेली गाडी सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला पोहोचते तेव्हा हवा दहा टक्क्यांहून अधिक विरळ झालेली असते. कार्बोरेटर पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून गाडी दाट चालते आणि मेन जेट काठावर असेल तर घाटात दम टाकते. लडाखला बुलेट नेणाऱ्यांना तर पाच हजार मीटरच्या खिंडींत हवेचा दाब निम्म्याच्या आसपास मिळतो. तिथे जेट न बदलता गाडी धुरकटते, यात बिघाड काही नसतो.

नव्वदच्या दशकात दोन सरकारी निर्णयांनी मेकॅनिकचे डोळे बदलले. पीयूसी तपासणीत दुचाकीला मूठ बंद असताना धुरात कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के मर्यादा आली आणि पायलटचे मिश्रण प्रथमच आकड्यात दिसू लागले. दुसरा निर्णय शिसे काढण्याचा. १९९५ मध्ये चार महानगरांत सुरू झालेले शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू झाले. प्लगची ती ओळखीची तपकिरी छटा गेली. नवे पेट्रोल प्लगवर रंग फार सावकाश चढवते, त्यामुळे जुन्या सवयीने पांढरा प्लग पाहून 'लीन', म्हणजे विरळ आहे असे म्हणत जेट वाढवत नेण्याची चूक बरीच वर्षे होत राहिली.

याच सुमारास पुण्यातून एक महत्त्वाचा बदल आला. बजाज ऑटोच्या पल्सर डीटीएस-आय या २००३ च्या गाडीत कार्बोरेटराला मुठीची जागा ओळखणारा संवेदक जोडलेला होता. मूठ किती उघडी आहे ते पाहून ठिणगीची वेळ बदलण्याच्या या व्यवस्थेला कंपनीने ट्रिक्स असे नाव दिले होते. तोवर ठिणगीला इंजिनाचे फेरे कळत होते, आता मूठही कळू लागली. अशा पल्सरवर हौसेने दुसरा कार्बोरेटर बसवला की संवेदकाची वायर लोंबकळत राही. जेट कितीही जुळवले तरी गाडी मधल्या मुठीवर मंद, आणि दोष शोधणारा पुन्हा पुन्हा पेट्रोलमागे.

इंधन इंजेक्शन भारतीय मोटारसायकलींवर हळूहळू उतरले: २००६ ची हिरो होंडा ग्लॅमर एफआय, २००७ ची पल्सर २२०, २००८ ची यामाहा आर १५, २००९ ची क्लासिक ५००. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस ६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. जेटची जागा संगणकातल्या तक्त्याने घेतली. अनेक गाड्यांत या तक्त्याच्या एका बाजूला इंजिनाचे फेरे असतात आणि दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती टक्के उघडा ते. अमालच्या चार हद्दींच्या जागी अनेक चौकोन आले, इतकाच फरक. ज्या चौकोनात गाडी अडखळते तो शोधायचा आणि तिथला आकडा बदलायचा. नव्या पद्धतीचे नवे रोगही आले. थ्रॉटलच्या संवेदकाचा शून्यबिंदू सरकला तर संगणक भलताच चौकोन वाचतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन संवेदक मंद मुठीवर मिश्रण सतत १४.७ कडे ओढतो, म्हणून सायलेन्सर बदलून वरून बसवलेल्या उपकरणाने केलेले बदल तो काही वेळात पुसून टाकतो. सायलेन्सरच्या सांध्यातून बाहेरची हवा शिरली तर त्याच संवेदकाला मिश्रण विरळ वाटते आणि तो नाहक पेट्रोल वाढवतो. मूठ सोडल्यावर फटाके फुटण्याचे एक कारणही बहुधा हीच गळती असते. न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत त्या हवेवर पेटते. तरुणांना तो आवाज ताकदीचा वाटतो आणि पोलिसांनी जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरांवर रोड रोलर फिरतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई आहे, हे गॅरेजवाल्यानेही ग्राहकाला सांगायला हवे.

ताजा बदल इंधनाचा आहे आणि त्याची मुळे महाराष्ट्राच्या उसात आहेत. साखर कारखान्यांतून सुरुवात झालेल्या इथेनॉलचा पेट्रोलमधला वाटा २० टक्क्यांपर्यंत गेला. अशा इंधनाला पूर्ण जळायला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा भाग हवा लागते. जुन्या येझदीचे किंवा आरएक्सचे जेट तेवढेच पेट्रोल सोडते, म्हणून मिश्रण आपोआप विरळ होते. काल ठीक चाललेली, काठावर बसवलेली गाडी आज मूठ पिळताच अडखळते. सुई एक खाच वर घेणे, पायलट एक आकडा मोठा करणे हा उपाय बहुधा पुरतो. रबरी नळ्या आणि सील मात्र आधी पाहावेत.

चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकवर २०१७ पासून बाउडेनची केबल उरली नाही. मुठीतला संवेदक संगणकाला मागणी कळवतो आणि एक लहान मोटर पाकळी उघडते. पाकळी किती वेगाने उघडावी हेही सॉफ्टवेअर ठरवते. त्यामुळे निदानाची पहिली पायरी दोन आकडे शेजारी ठेवण्याची झाली आहे: मुठीने मागितलेले उघडणे आणि पाकळीचे प्रत्यक्ष उघडणे. दोन्हींत तफावत असेल तर दोष मोटर, पाकळीवरची काजळी किंवा वायरिंग यांत शोधावा लागतो. सॉफ्टवेअरने मुद्दाम धरून ठेवलेले अंतर त्यातून वगळायचे असते. तफावत नसेल तर शोध इंधनाचा दाब, इंजेक्टर आणि ठिणगी यांच्याकडे वळतो.